नानासाहेब पेशवे आणि मुठेवरचा लाकडी पूल

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरून अलका टॉकीजच्या चौकाकडे जाताना मुठा नदीवर एक पूल लागतो. त्याचे सरकारी नाव छत्रपती संभाजी पूल. परंतु हे नाव घेऊन पत्ता विचारला तर समोरचा पुणेकर क्षणभर विचारात पडतो. लाकडी पूल म्हटले की मात्र तो तत्काळ हात करून वाट दाखवतो. गंमत अशी की, या पुलात आज लाकडाची ढलपीही नाही. लाकूड केव्हाच वाहून गेले, नाव तेवढे मागे राहिले. आपल्या सिंधुदुर्गातून पुढील शिक्षणासाठी पुण्याला गेलेली कितीतरी मुले-मुली या पुलावरून रोज ये-जा करतात. तो पहिला लाकडी पूल ज्या पुरुषाच्या कारकिर्दीत उभा राहिला, त्याच पुरुषाच्या धोरणामुळे आपल्या विजयदुर्गाच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची होळी झाली, ही गोष्ट मात्र त्यांतल्या फार थोड्यांच्या ध्यानात येते. बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे हा तो पुरुष.

नानासाहेब म्हटले की पुष्कळांना १८५७ सालचे, कानपूरचे नानासाहेब आठवतात. ते निराळे, शेवटच्या बाजीरावाचे दत्तक पुत्र. येथे ज्यांच्याविषयी लिहायचे आहे ते त्यांच्या शंभर वर्षे आधीचे, थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव आणि तिसरे पेशवे. त्यांच्या चरित्रात पानिपत इतके मोठे आहे की बाकीचे सारे त्याच्या सावलीत झाकून जाते. परंतु खाडी, व्हाळ आणि समुद्र यांच्या संगतीत वाढलेल्या आपल्यासारख्यांनी हे चरित्र पाण्याच्या बाजूने वाचून पाहावे, असे मला वाटते. तलाव, नळ, ओढा, समुद्र, यमुना आणि मुठा अशा पाण्याच्या खुणांवरून चालत गेले तर या माणसाचे मोठेपणही दिसते आणि त्याची चूकही दिसते.

नानासाहेबांचा जन्म १७२० सालचा. आई काशीबाई ही चासच्या जोशी घराण्यातली. वडील बाजीराव वर्षातले बहुतेक महिने घोड्यावर असत, त्यामुळे मुलाचे शिक्षण आणि वळण यांवर काका चिमाजीअप्पांची छाप अधिक पडली. साताऱ्यास छत्रपती शाहू महाराजांच्या सहवासातही त्यांचा काही काळ गेला. १७३० साली, वयाच्या दहाव्या वर्षी, वाईच्या रास्ते घराण्यातील गोपिकाबाईंशी त्यांचा विवाह झाला. एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव निवर्तले आणि त्याच वर्षी शाहू महाराजांनी पेशवाईची वस्त्रे नानासाहेबांना दिली. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे होते. आज ज्या वयात आपण पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतो, त्या वयात माळव्यापासून कोकणापर्यंत पसरलेल्या कारभाराचा भार त्यांच्या खांद्यावर आला. डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले. एका वर्षात घरातले दोन्ही आधार तुटले.

बाजीराव शिपाई होते, तर नानासाहेब मुख्यतः कारभारी होते. घोड्यापेक्षा बैठकीवर, तलवारीपेक्षा हिशेबाच्या वहीवर त्यांचा भर अधिक. मामलतदारांचे हिशेब तपासणे, सरदारांकडून येणे वसूल करणे, कर्जाची व्यवस्था लावणे, पत्रांना वेळेवर उत्तरे धाडणे या कामांत ते अतिशय वाकबगार होते. पेशव्यांचे दफ्तर नीट बांधले जाऊ लागले ते त्यांच्या काळात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आज जी कागदपत्रांची रास आहे तिचा मोठा भाग या शिस्तीचे फळ होय. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निवर्तले. त्यानंतर राज्याची सूत्रे साताऱ्याहून पुण्याकडे सरकली आणि एक मध्यम वस्तीचे गाव हिंदुस्थानच्या राजकारणाचे केंद्र झाले.

गाव वाढले की पहिला प्रश्न पाण्याचा पडतो. पुण्याच्या पश्चिमेला आणि उत्तरेला मुठा वाहते, पण नदीचे पाणी घागरींनी आणून वाढत्या शहराची तहान भागणे शक्य नव्हते. नानासाहेबांनी कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी तलाव बांधून तेथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणविला. हे काम १७५० च्या सुमाराचे. या नळाला पंप नाही, यंत्र नाही. कात्रज उंचावर आणि शहर सखल भागात, एवढ्या उतारावर सगळी रचना आधारलेली. वाटेत ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे ठेवली, त्यांना उच्छ्वास म्हणतात. तेथे पाण्याचा वेग मंदावतो, गाळ तळाशी बसतो, आत कोंडलेल्या हवेला वाट मिळते आणि माणूस उतरून साफसफाईही करू शकतो. हे पाणी पेठापेठांतल्या हौदांत पडे. वाड्यासाठी आणलेले पाणी रस्त्यावरच्या माणसालाही मिळाले, हा यातला विशेष.

दुसरे काम आंबील ओढ्याचे. हा ओढा पूर्वी वस्तीतून वाहत असे आणि पावसाळ्यात लोकांच्या घरांत शिरे. पर्वतीच्या पायथ्याशी बांध घालून तो अडविला, त्याचे पात्र वळविले आणि अडलेल्या पाण्याचा तलाव केला. पुढे सवाई माधवरावांच्या वेळी ज्या सारसबागेत गणपतीची स्थापना झाली ती या तलावातील बेटावरची. या कामाविषयी एक आख्यायिका पुण्यात सांगतात. बांधाचे काम रेंगाळलेले पाहून नानासाहेब एके दिवशी हत्तीवरून खाली उतरले आणि स्वतः दगड उचलू लागले. पेशवेच दगड वाहू लागल्यावर भोवतीच्या सरदारांना आणि कारकुनांना उभे राहणे कठीण झाले. सगळे कामाला लागले आणि बांध वेळेत पुरा झाला. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ज्या राजकर्त्याविषयी लोक अशी गोष्ट रचतात, त्याच्या मनात त्या कामाची तळमळ लोकांना दिसलेली असते.

पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे देऊळ, नव्या वसलेल्या पेठा, बागा, रस्ते, हौद असे करत नानासाहेबांनी पुण्याला शहराचे रूप दिले. धाकट्या चुलतभावाचे, म्हणजे सदाशिवरावभाऊंचे नाव आजही सदाशिव पेठ मिरविते. एक गोष्ट मात्र राहून गेली होती. नदी अजून लोक उतारावरूनच ओलांडत. उन्हाळ्यात मुठा गुडघाभर असे, बैलगाड्या पात्रातून पलीकडे जात. आषाढात ती दुथडी भरली की पलीकडचे भांबुर्डे आणि अलीकडचे पुणे यांची ताटातूट होई. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकातले, त्यामुळे डोंगरातला पाऊस थेट शहराच्या काठाशी येऊन धडके. पुलाची ही उणीव नानासाहेबांच्या आयुष्याच्या अगदी शेवटी भरून निघाली. त्या आधी जे घडले ते आपल्या किनाऱ्यावर घडले, म्हणून तिकडे वळले पाहिजे.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. त्यांच्यामागे मुलांत वाटणीचे तंटे झाले. बाजीरावांनी १७३५ साली मध्यस्थी करून कुलाबा मानाजीकडे आणि दक्षिणेचा भाग संभाजीकडे दिला. संभाजीमागून विजयदुर्गाचे ठाणे तुळाजी आंग्र्यांच्या हाती आले. तुळाजी समुद्रावरचा पट्टीचा लढवय्या. इंग्रज, डच, पोर्तुगीज सगळ्यांना त्याचा धाक होता. वाघोटण खाडीत, गिर्ये गावाजवळ खडकात खोदलेली आंग्र्यांची गोदी आजही पाहावयास मिळते. भरतीच्या पाण्यावर जहाज आत घ्यायचे आणि त्याची डागडुजी करायची, अशी तिची योजना. ती पाहिली म्हणजे या माणसांना समुद्राची किती जाण होती हे कळते.

परंतु तुळाजीचा स्वभाव कोणापुढे वाकणारा नव्हता. पेशव्यांची सत्ता त्याला मान्य नव्हती. वाडीचे सावंत आणि बावड्याचे अमात्य यांच्याशी त्याचे सतत खटके उडत आणि किनाऱ्यावरच्या रयतेलाही त्याचा जाच होई. तेव्हा त्याला वठणीवर आणणे हे पेशव्यांचे काम होतेच. प्रश्न होता तो कोणाच्या मदतीने, याचा. नानासाहेबांजवळ फौज होती, पण तुळाजीशी समुद्रात गाठ घालील असे आरमार नव्हते. ते आरमार मुंबईच्या इंग्रजांजवळ होते. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांचा तह झाला. त्याच वर्षी एप्रिलात कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचा काफिला विजयदुर्गासमोर येऊन उभा राहिला. त्याच्याबरोबर पायदळाचा अंमलदार म्हणून रॉबर्ट क्लाइव्ह होता. जमिनीवरून पेशव्यांच्या फौजेने वेढा दिलेला होताच.

पुढचा प्रसंग आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातला सर्वांत दुःखद म्हटला पाहिजे. तुळाजी बोलणी करण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेला होता. इकडे इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच जिंकलेले रेस्टोरेशन नावाचे जहाज त्या माऱ्यात पेटले. खाडीत गुराबा आणि गलबते एकमेकांना खेटून नांगरलेली होती. एकीची आग दुसरीला, दुसरीची तिसरीला लागत गेली आणि पाहता पाहता सारे आरमार जळून गेले. कान्होजींपासून दोन पिढ्यांनी उभे केलेले सामर्थ्य एका दिवसात राख झाले. दुसऱ्या दिवशी इंग्रज किल्ल्यात शिरले. आतली सुमारे १० लाखांची लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली, मराठ्यांना त्यातले काही दिले नाही. किल्लाही लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट आणि काही गावे पदरात पाडून घेतल्यावरच विजयदुर्ग पेशव्यांच्या हाती आला. तुळाजीचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

न्यायाने पाहिले तर नानासाहेबांची बाजूही सांगितली पाहिजे. तुळाजीला मोकळे सोडले असते तर पेशव्यांची सत्ता कोकणात नावापुरतीच राहिली असती. शिवाय विजयदुर्ग घेतल्यावर त्यांनी तेथे स्वतःचे आरमार ठेवले. पुढे आनंदराव धुळपांनी ते नावारूपाला आणले आणि १७८३ साली इंग्रजांचे रेंजर नावाचे जहाज पकडून दाखविले. तेव्हा मराठ्यांचे आरमार १७५६ मध्येच समूळ संपले, असे म्हणता येणार नाही. तथापि जो धाक गेला तो गेलाच. विजयदुर्ग फोडणारे वॉटसन आणि क्लाइव्ह त्याच वर्षी बंगालकडे निघाले आणि जून १७५७ मध्ये प्लासीला इंग्रजी राज्याचा पाया घातला गेला. इकडे १७६५ मध्ये, विजयदुर्गानंतर अवघ्या नऊ वर्षांत, इंग्रजांनी करवीरकरांकडून आपला मालवणचा सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचे नाव फोर्ट ऑगस्टस असे बदलले. पुढच्या वर्षी तो परत मिळाला हे खरे. पण शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्या कुरटे बेटावर पाया घातला, त्या बेटावर परक्यांचे निशाण लागले. विजयदुर्गाची खाडी जागी असती तर हे इतके सोपे झाले नसते.

येथे एक विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ज्या माणसाला कात्रजच्या डोंगरातले पाणी शहरात कसे आणावे हे कळत होते, ओढ्याचे पात्र कसे वळवावे हे कळत होते, त्याला समुद्र का कळला नाही? याचे उत्तर त्यांच्या शिक्षणात आणि स्वभावात असावे. घाटावरच्या माणसाला पाणी म्हणजे अडवायची, साठवायची आणि वाटायची वस्तू. आपल्याकडे पाणी ही वाट असते. देवबागपासून देवगडपर्यंत माणसे, मासळी, नारळ आणि मीठ पाण्यावरूनच गेले. नानासाहेबांनी तुळाजीकडे बंडखोर सरदार म्हणून पाहिले. तो ज्या वाटेवर उभा होता ती वाट त्यांनी पाहिली नाही, आणि तुळाजी बाजूला होताच ती वाट इंग्रजांना मोकळी झाली.

पाण्याने दुसरा धडा शिकविला तो उत्तरेत. १७५८ मध्ये राघोबादादांच्या फौजा लाहोरपर्यंत पोहोचल्या. दौलतीचा विस्तार डोळे दिपविणारा होता, पण तिजोरी कर्जात बुडत चालली होती. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्या विजयाच्या भरात अब्दालीवर पाठविण्यासाठी त्यांचीच निवड झाली. नानासाहेबांचे थोरले चिरंजीव विश्वासराव बरोबर निघाले. भाऊ उत्तरेत पोहोचले तो पावसाळा लागला. यमुना फुगलेली. अब्दाली अंतर्वेदीत, म्हणजे नदीच्या पलीकडे. भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना नावा जमवून पूल बांधण्याविषयी परोपरीने लिहिले, पण नावांचा पूल काही झाला नाही. ऑगस्टात दिल्ली घेतली, ऑक्टोबरात कुंजपुरा घेतला. मराठे उत्तरेस कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने ऑक्टोबरच्या अखेरीस बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा, म्हणजे दक्षिणेचा, रस्ता तोडला. जी नदी आपल्याला ओलांडता आली नाही ती शत्रूने ओलांडली. पानिपतचा निकाल १४ जानेवारी १७६१ रोजी लागला हे खरे, पण त्याचा पाया यमुनेच्या पाण्यात आधीच पडला होता.

या वेळी नानासाहेब काय करीत होते? त्यांची प्रकृती ढासळली होती. डिसेंबर १७६० मध्ये पैठण येथे त्यांनी दुसरे लग्न केले, याबद्दल इतिहासकारांनी त्यांना पुष्कळ दोष दिला आहे. त्यानंतर ते भाऊंच्या कुमकेसाठी उत्तरेकडे निघाले. जानेवारीच्या अखेरीस भेलशाजवळ सावकारी डाकेचे एक पत्र त्यांच्या हाती लागले. त्यात हिशेबाच्या सांकेतिक भाषेत पानिपतचा संहार लिहिलेला होता. आयुष्यभर हिशेब पाहणाऱ्या माणसाला त्यातल्या रकमांचा अर्थ तत्काळ उमगला असेल. विश्वासराव गेले, भाऊ गेले, घरोघरचे कर्ते पुरुष गेले. त्या पत्राने ते खचले ते पुन्हा उभे राहिले नाहीत. काही काळ माळव्यात थांबून, वाचून आलेल्यांची वाट पाहत ते मागे फिरले.

आणि त्याच वर्षी, १७६१ मध्ये, मुठेवर लाकडी पूल झाला. पानिपताहून परतणाऱ्यांसाठी तो घाईघाईने बांधविला, असे परंपरा सांगते. त्यात दोन पाठ आहेत. एक पाठ असा की, वाचलेली माणसे थकलेली, जखमी, काही बायकामुलांसह येत होती आणि त्यांना नदी सुखाने ओलांडता यावी म्हणून पूल केला. दुसरा पाठ अधिक बोचरा आहे. पराभूत सैन्याला शनिवारवाड्यासमोरून, भर वस्तीतून जाण्याची लाज वाटे, म्हणून नदीच्या वरच्या अंगाला ही आडवाट काढली. जागा पाहिली तर पूल वाड्यापासून बराच वर, शहराच्या पश्चिम कडेला आहे, हे खरे. दुसऱ्या पाठाला त्याने थोडे बळ मिळते. पण माझे मन पहिल्या पाठाकडे झुकते. पूल बांधायला लाकूड, सुतार, मजूर आणि पैसा लागतो, आणि त्या वेळी दौलतीजवळ पैशाची सर्वांत टंचाई होती. लाज लपवायला कोणी एवढा खर्च करीत नाही. आणि पाठ कोणताही घेतला तरी एक गोष्ट उरतेच, ती म्हणजे परतणाऱ्या माणसाला नदी आडवी येऊ नये ही इच्छा. यमुनेवर जो पूल वेळेवर झाला नाही, तो मुठेवर तरी झाला.

लाकूडच का वापरले, याचे उत्तर आपल्याला पुण्याला न जाताही देता येईल. आपल्याकडे मिरगाच्या तोंडावर व्हाळावर साकव घालतात. माडाचे किंवा पोफळीचे सोट आडवे टाकायचे, खाली टेकू द्यायचे, वर आधाराला एक दांडा बांधायचा, की दोन दिवसांत वाट तयार. मोठ्या नदीवरच्या लाकडी पुलाचे तत्त्व हेच. पात्रात खांब रोवायचे, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या. तूळ मधोमध वाकते, म्हणून दोन खांबांतले अंतर फार ठेवता येत नाही आणि पात्र रुंद असेल तर खांबांची संख्या वाढते. दगडी कमानीचे तसे नाही. तिला आधी लाकडाचा साचा उभारावा लागतो, पाया खडकापर्यंत न्यावा लागतो, घाणीत मळलेला चुना सुकून धरायला अवधी द्यावा लागतो. तिला काही हंगाम लागतात. ज्याला पाऊस यायच्या आत पलीकडे जायचे आहे तो लाकूडच निवडतो.

परंतु घाईचे काम आयुष्याला कमी पडते. लाकडाचा खांब सदैव पाण्यात बुडालेला राहिला तर टिकतो आणि सदैव कोरडा राहिला तरी टिकतो. पाण्याची पातळी जेथे वर-खाली होते, तेथे मात्र तो कुजतो. आपल्या जेटीचे जुने खांब ओहोटीच्या वेळी पाहिले तर हे सहज कळेल. दुसरे असे की पुरात झाडे, फांद्या, गवताचे भारे वाहत येतात आणि दाट खांबांत अडकून बसतात. मग पूल न राहता तो बांधच होतो आणि पाण्याचा सारा रेटा त्याच्यावर येतो. त्यातून लाकूड पाण्यापेक्षा हलके. पूर फळ्यांपर्यंत चढला की पाणीच पुलाला वर उचलू लागते. दगडी पुलाला त्याचे वजनच धरून ठेवते. त्याच्या खांबांना प्रवाहाच्या बाजूने त्रिकोणी टोक काढले की पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जाते. म्हणून लाकडी पूल आज ना उद्या जायचाच होता. तसा तो पेशवाई बुडाल्यानंतर, १८४० च्या सुमारास, पुरात गेला आणि त्या दशकात त्याच जागी दगडी पूल उभा राहिला. पुणेकरांनी नाव तेवढे बदलले नाही.

त्या नावाखाली पुलाने पुढे पुष्कळ पाहिले. पलीकडचा माळ हळूहळू डेक्कन जिमखाना झाला, महाविद्यालये आली आणि ज्या आडवाटेने पराभूत सैन्य आले असे म्हणतात, ती शहराची हमरस्त्याची वाट झाली. लक्ष्मी रस्त्याने येणारी अनंत चतुर्दशीची मिरवणूक आज या पुलाच्या तोंडाशीच, टिळक चौकात, संपते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि पुलावरून मुठेचे पाणी वाहिले. पहिला पूल झाल्याला त्या साली दोनशे वर्षे पुरी होत होती. नदी आपला हक्क विसरत नाही, ही गोष्ट त्या दिवशी साऱ्या पुण्याने पाहिली. तरी पाणी ओसरले आणि माणसे पुन्हा त्याच जागेवरून पलीकडे जाऊ लागली.

नानासाहेबांना आपल्या पुलाचे हे भवितव्य पाहावयास मिळाले नाही. परतल्यावर ते शनिवारवाड्यात रमले नाहीत. मन लागत नसे, शरीर साथ देत नसे. शेवटच्या दिवसांत ते पर्वतीवर जाऊन राहिले. तेथून खाली पाहिले की त्यांनी अडविलेल्या आंबील ओढ्याचा तलाव दिसे, पलीकडे त्यांनी वाढविलेले शहर दिसे. ज्यांच्यासाठी हे सारे वाढविले त्यांतली घरेच्या घरे त्या वर्षी ओस पडली होती. २३ जून १७६१ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पर्वतीवरच त्यांचा अंत झाला. बरोबर चार वर्षांपूर्वी, २३ जूनलाच, क्लाइव्हने प्लासी जिंकली होती. हा केवळ योगायोग आहे, त्याला अधिक अर्थ देऊ नये. पण विजयदुर्गाच्या मुलुखात राहणाऱ्याला ती तारीख टोचल्यावाचून राहत नाही.

मग या माणसाचा हिशेब कसा मांडावा? आपल्याकडे थोरांची चरित्रे लिहिताना दोनच रीती दिसतात. एक तर सगळे सोन्याचे, नाहीतर सगळे मातीचे. पुणेकर नानासाहेबांना शहर वसविणारा म्हणून आठवतील आणि ते योग्यच आहे. आम्ही किनाऱ्यावरचे लोक त्यांना आरमार जाळविणारा म्हणून आठवू आणि तेही खोटे नाही. दोन्ही एकाच माणसाची कामे आहेत, आणि दोन्ही पाण्याशी निगडित आहेत. जेथे पाणी लोकांच्या दारापर्यंत न्यायचे होते तेथे ते थोर ठरले. जेथे पाण्यातून येणारा धोका ओळखायचा होता तेथे ते चुकले. त्यांची थोरवी पुण्याच्या हौदांनी भोगली आणि त्यांच्या चुकीची किंमत आपल्या खाडीने आधी मोजली.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला गड, कर्ली, तेरेखोल या नद्या ओलांडायला तरीची वाट पाहावी लागे. पलीकडच्या काठावरून तरवाल्याला हाक मारायची, भरती-ओहोटीची वेळ सांभाळायची आणि पावसाळ्यात कित्येकदा अलीकडेच मुक्काम करायचा. पूल झाले तशी गावे जवळ आली, दवाखाने आणि शाळा जवळ आल्या, महाविद्यालयात येणे मुलींनाही सोपे झाले. म्हणून पुलाचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. राज्यकर्त्याचे विजय आणि पराजय पुस्तकात जातात, पण त्याने बांधलेली वाट लोकांच्या पायांखाली राहते. लढाया हरलेल्या, कर्जात बुडालेल्या, मुलाच्या मृत्यूने खचलेल्या एका पेशव्याच्या अखेरच्या वर्षात एक साधा लाकडी पूल झाला. तो पन्नास-साठ पावसाळ्यांहून अधिक टिकला आणि त्याचे नाव अडीचशे वर्षांनंतरही टिकून आहे.

आपल्यापैकी कोणी पुढे पुण्याला गेले आणि त्या पुलावर घटकाभर उभे राहिले, तर त्याने खालच्या मुठेकडे पाहताना विजयदुर्गाची खाडीही आठवावी. आणि सुट्टीत घरी आल्यावर विजयदुर्गाच्या तटावर जाणे झाले, तर तेथून पाण्याकडे पाहताना मुठेवरचा तो पूलही आठवावा. दोन्ही आठवले तरच नानासाहेब पेशवे पुरते कळतील.